घट्ट अंग, मोकळा श्वास

माझ्या क्लासला नव्यानं येणाऱ्यांना उंच लाथा शिकायच्या असतात. मी त्यांना आधी सानचिन शिकवते. या कातात, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकेत, एकही लाथ नाही. सावकाश टाकलेली मोजकी पावलं, थोडे ठोसे, बस्स. तरीही गोजू-र्यू कराटेचा पाया हाच.

ओकिनावातल्या नाहाचे हिगाओन्ना कान्र्यो (1853-1915) तरुणपणी चीनमधल्या फूचौला जाऊन शिकले. परतल्यावर ते शिष्यांकडून वर्षानुवर्षं सानचिनच घोटून घेत. त्यांचे शिष्य मियागी चोजून (1888-1953) यांनी गोजू-र्यू उभी केली. उएची कान्बून हेही फूचौलाच शिकले. त्यांच्या परंपरेत सानचिन उघड्या हातांनी करतात, आम्ही मुठी वळून.

नुसतं उभं राहायलाच वेळ लागतो. पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याच्या रेषेत, पावलं किंचित आत वळलेली, गुडघे जरा वाकलेले, माकडहाड आत. पाऊल उचलायचं नाही. जमिनीलगत अर्धगोल फिरवत पुढं न्यायचं.

मूठ मागं घेताना नाकानं श्वास घ्यायचा आणि ठोसा जाईल तसा तोंडानं सोडायचा. दोन्ही एकदमच संपले पाहिजेत. खरी कसोटी इथंच लागते, कारण हे सगळं अंग आवळून करायचं असतं. अंग आवळा म्हटलं, की माणूस खांदे चढवतो, दात दाबतो आणि श्वास कोंडतो. कोंडलेल्या श्वासावर जोर केला की रक्तदाब वाढतो. म्हणून रक्तदाब असलेल्यांना मी हा काता सैल अंगानंच करायला लावते, तेही डॉक्टरांना विचारून. जोर हवा तो काखेखाली, ओटीपोटात आणि मांड्यांत.

हे तपासायला गुरू खांद्यांवर, पोटावर, मांड्यांवर थापा मारतात. त्याला शिमे म्हणतात. काही ठिकाणी त्या इतक्या जोरात मारतात की वळ उठतात. ते मला मुळीच पटत नाही. तळहात ठेवला तरी सगळं कळतं. आठवीतल्या एका मुलीचे खांदे कानांपर्यंत चढले होते. मी तिच्या कोपराखाली दोन बोटं लावली आणि म्हटलं, “ही खाली दाब.” कोपर बरगडीजवळ आलं, काखेखालचा स्नायू टणक झाला, खांदा आपोआप उतरला. “मॅडम, आता श्वास पुरतोय,” ती म्हणाली. मग तिला पहिल्या पावलापासून पुन्हा सुरू करायला सांगितलं.