एका रुपयाचे कलम

महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारातून दरमहा 200 रुपये, आणि फेब्रुवारीत 300 रुपये, व्यवसाय कर म्हणून कापले जातात. 1975 साली हा कर लागू झाला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या मिळवत्या माणसाने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी पैसे द्यायचे आणि तेवढीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असा तो सौदा होता. इतका उघड आणि इतका न्याय्य सौदा आपल्या राजकारणात क्वचितच झाला असेल. गेली अनेक वर्षे मी या योजनेविषयी मिळेल ते वाचत आलो आहे. आणि दर वेळी मी येऊन थांबतो तो तिच्या कायद्यातल्या एका कलमापाशी, ज्याच्याकडे सहसा कुणी पाहत नाही.

1972चा दुष्काळ, तेव्हा खाल्लेली सुकडी आणि मिलो ज्वारी, खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा हे सारे वाचकांना ठाऊक आहे. मे 1973मध्ये दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या 50 लाखांच्या घरात गेली होती, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. पण हमीची कल्पना दुष्काळातून निघालेली नाही. ती त्याआधीची, वि. स. पागे यांची. विठ्ठल सखाराम पागे हे सांगली जिल्ह्यातले स्वातंत्र्यसैनिक, सर्वोदयी वळणाचे, आणि 1960पासून 1978पर्यंत विधान परिषदेचे सभापती. घरच्या शेतात 700 रुपयांत किती मजुरांना किती दिवस काम देता येईल, असे त्यांनी पत्नी प्रभाताईंना विचारले आणि त्या हिशेबावरून सगळ्या राज्याचा हिशेब मांडून मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना पत्र लिहिले, असे सांगतात. 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात प्रयोग झाला. सभापतीच्या खुर्चीतल्या माणसाला योजना राबवण्याचा काही अधिकार नसतो. तरी पागे हा विषय सोडायला तयार नव्हते. डिसेंबर 1977मध्ये दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला, तेव्हा परिषदेत सभापती तेच होते. 26 जानेवारी 1979पासून कायदा अमलात आला.

त्यातली तरतूद आजही वाचताना थरारून जायला होते. ग्रामीण भागातल्या ज्या प्रौढ माणसाची अंगमेहनत करायची तयारी आहे, त्याला काम मागण्याचा हक्क. दिवसांची मर्यादा नाही. घटनेचे 41वे कलम कामाच्या हक्काची भाषा करते, पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असे म्हणून सुटका करून घेते. महाराष्ट्राने ती पळवाट स्वतःहून बुजवली. देशाला असा कायदा करायला 2005 साल उजाडावे लागले, आणि तोही वर्षाला 100 दिवसांपुरता.

आता ते कलम. मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. किती? दिवसाला किमान एक रुपया. हमी मोडल्याबद्दल सरकारने भरायचा दंड तो एवढाच. ज्यांनी एवढा धाडसी कायदा केला त्यांनी हा आकडा इतका हलका का ठेवला? माझे मत असे, की काम देता येणार नाही अशी वेळ येईल हे मुळात कुणाला खरेच वाटत नव्हते. शिवाय त्या काळी मजुरीच इतकी खाली होती, की रुपया आजच्याइतका क्षुल्लक दिसत नव्हता.

मजुरी मुद्दाम खाली ठेवली होती. पेरणी-काढणीच्या हंगामात शेतावरचा मजूर हमीच्या कामावर जाऊ नये, ही बागायतदारांची अट सरकारने न बोलता मान्य केली होती. मजुरीचा हा वाद या मातीत नवा नाही. 1877च्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुरीतला धान्याचा वाटा दिवसाला एका पौंडावर आणला, तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारला लिहिले. उपाशी माणसाने काम नाकारून मजुरीसाठी भांडावे, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ठळक अक्षरांत हवी होती. हाच प्रश्न पुढे न्यायालयात गेला आणि 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या संजित रॉय यांच्या खटल्यात निर्णय दिला, की दुष्काळी कामावरही किमान वेतनापेक्षा कमी देणे ही वेठबिगारच आहे.

1988मध्ये महाराष्ट्रात शेतमजुरांचे किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले आणि हमीच्या कामांचे दर त्याबरोबर वर गेले. आता गर्दी वाढायला हवी होती. झाले उलटे. 1979-80मध्ये 20 कोटींहून अधिक मनुष्यदिवस काम निघाले होते. 1989-90मध्ये ते 10 कोटींच्याही खाली आले. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी 1993मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा छडा लावला. मजुरांची गरज आटली नव्हती, कामाचे वाटप आखडले होते. म्हणजे कायद्याला कुणी हात लावला नाही. फक्त नवी कामे निघेनाशी झाली. 1990नंतर फळबागांना याच योजनेतून अनुदान सुरू झाले. फळबागांशी माझे भांडण नाही, कोरडवाहू शेतकऱ्याचे त्यांनी भलेही केले. पण बाग ज्याला सातबारा आहे त्याची होते, आणि हमी ज्याला सातबारा नाही त्याच्यासाठी होती. त्या दशकात व्यवसाय कराची वसुली वाढत राहिली, मजुरांच्या कामावरचा खर्च मागे पडला.

मजुरी जगण्याजोगी झाली आणि हमी पातळ झाली, हा योगायोग नव्हे. मजुरीवर न्यायालयाचा धाक होता, कामे न काढण्यावर मात्र फक्त एका रुपयाचा. अर्थशास्त्रज्ञ म्हणतात, मजुरी वाढवली की हमी परवडत नाही. मला हे पटत नाही. कर वसूल होत होता, गरज होती, कामेही होती. काम न दिल्याचा भुर्दंड तेवढा कुणाला पडत नव्हता. तोच भत्ता रोजच्या मजुरीइतका असता, तर काम न काढण्यापेक्षा काढणेच तहसीलदाराला सोयीचे झाले असते.

केंद्राच्या 2005च्या कायद्याने हे कलम थोडे सुधारले: पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान चौथाई, पुढे किमान निम्मा भत्ता. पण तो राज्याने द्यायचा, आणि 15 दिवस मोजायचे ते मागणीच्या तारखेपासून. म्हणून गावात खरी लढाई नमुना 4च्या, म्हणजे काम मागण्याच्या अर्जाच्या, पोचपावतीवर होते. अर्ज घेतला पण पावती दिली नाही, किंवा दिली पण तारीख घातली नाही, तर मागणीच झाली नाही. मजूर संघटनेची बाई मजुरांना सगळ्यात आधी शिकवते ते हेच: तारखेची पावती हातात पडल्याशिवाय ग्रामपंचायतीची पायरी उतरायची नाही.