मेंदूशी बोलणारी शाई

आमच्या कट्ट्यावरच्या एका मित्राला कंपवात आहे. मेंदूत धातूच्या बारीक तारा बसवल्या, छातीत कातडीखाली बॅटरी ठेवली आणि गृहस्थ पुन्हा पत्ते पिसू लागले!

पण धातू तो धातूच. मेंदू लोण्यासारखा मऊ. त्यात कडक तार रुतली की शरीर तिला परकी मानतं, भोवती व्रणाची भिंत उभारतं. शिवाय चलनही वेगळं. तारेतून इलेक्ट्रॉन धावतात. पेशींचा व्यवहार चालतो सोडियम-पोटॅशियमच्या विद्युतभारित कणांत, म्हणजे आयनांत. बँकेत जन्म गेलेल्या मला हा सरळसरळ विदेशी विनिमयाचा प्रश्न वाटतो.

हा विनिमय करणारं प्लास्टिक आता आहे. प्लास्टिकमधून वीज वाहू शकते हे शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी १९७७ साली दाखवलं. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच कुळातलं 'पेडॉट' दोन्ही चलनं हाताळतं. त्याची शाई करून लवचीक फिल्मवर चक्क छापता येते, लग्नपत्रिकेसारखी!

स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठातले माग्नुस बेर्गग्रेन आणि सहकारी याच्याही पुढे गेले. २०२३ साली त्यांनी झेब्राफिशच्या मेंदूत आणि हृदयात एक जेल टोचल्याचं जाहीर केलं. शरीरातल्याच साखरेसारख्या द्रव्यांनी चालना मिळून ते जागच्या जागी वीजवाहक झालं.

कर्ज मंजूर करताना आम्ही परतफेडीचं आधी विचारत असू. तार काढता येते. पेशींत मुरलेलं जेल नको झालं, तर? माशाला कुणी विचारलं नाही. माणसाची सही घेताना मात्र हे आधी सांगावं लागेल.