थांबलेल्या हृदयाची राखण

हृदयशस्त्रक्रियेतील भूल ही भूलशास्त्राची स्वतंत्र शाखा आहे. हर्नियाच्या किंवा अपेंडिक्सच्या रोग्याला भूल देताना त्याचे हृदय भूलतज्ज्ञाच्या बाजूने असते. रक्तदाब थोडा घसरला तरी ते सावरून घेते. इथे आजारी असते ते हृदयच, आणि भुलीचे जवळजवळ प्रत्येक औषध कमीअधिक प्रमाणात त्यालाच दाबते. शिवाय बहुतेक शस्त्रक्रियांत मधला तास-दीड तास ते मुद्दाम थांबवून ठेवायचे असते. त्यामुळे या शाखेतले संशोधन फिरून फिरून एकाच प्रश्नावर येते: भुलीखालचे हृदय बिघडू लागले हे वेळेत ओळखायचे कसे?

या प्रश्नावरचा वाद एकेकाळी सगळ्यात जोरात गाजला तो हैदराबादेत. मराठवाड्यातला आपला कळंब तालुका 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणजे राजधानीत झालेले हे संशोधन इथल्या लोकांच्याच राज्यातले. क्लोरोफॉर्मचा वापर 1847 मध्ये एडिनबर्गला सुरू झाला आणि दुसऱ्याच वर्षी त्याखाली पहिला मृत्यू नोंदला गेला. मृत्यू हृदय थांबून होतो की श्वास थांबून, यावर ब्रिटनमधल्या डॉक्टरांचे दोन तट पडले. लंडनकर नाडीवर बोट ठेवत, एडिनबर्गचे डॉक्टर श्वासावर नजर ठेवत. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी एडिनबर्गच्या परंपरेत वाढलेले. त्यांनी 1888 मध्ये पहिल्या क्लोरोफॉर्म कमिशनसाठी कुत्र्यांवर प्रयोग करून निष्कर्ष काढला की श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. 'लॅन्सेट' या लंडनच्या नियतकालिकाला तो पटला नाही. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी लॅन्सेटने आपला तज्ज्ञ पाठवावा म्हणून 1000 पौंड देऊ केले. लॅन्सेटतर्फे लॉडर ब्रंटन 1889 मध्ये हैदराबादला आले, दुसरे कमिशन बसले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि ब्रंटनही लॉरींच्या बाजूला गेले. हैदराबाद मेडिकल स्कूलमध्ये याच काळात शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी यांना जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये गणले जाते.

कमिशनचा अर्धा सल्ला आजही खरा आहे: श्वासावरची नजर हलवू नका. उरलेला अर्धा, म्हणजे नाडीची फिकीर नको हा, मात्र महागात पडणारा होता. कमिशनने जनावरांना क्लोरोफॉर्मचा भरपूर डोस देऊन मारले होते, आणि तसे केले की श्वासच आधी जातो. प्रत्यक्षात कित्येक रोगी दगावत ते भूल हलकी असताना, अगदी सुरुवातीलाच. त्याचे कारण गुडमन लेव्ही यांनी 1911 च्या सुमारास मांजरांवर दाखवले. हलक्या क्लोरोफॉर्मखाली शरीरात ॲड्रिनलिन वाढले की हृदयाचे खालचे कप्पे एकाएकी नुसते थरथरू लागतात आणि रक्त ढकलणे बंद होते. घाबरून टेबलावर आलेल्या रोग्याच्या अंगात ॲड्रिनलिन असतेच. प्रयोग चोख असूनही चुकीच्या परिस्थितीत केला तर उत्तर चुकते, याचे इतके ठसठशीत उदाहरण भूलशास्त्रात दुसरे नसावे.

हृदय उघडून काम करणे शक्य झाले ते फार नंतर. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्राच्या आधारावर एका तरुणीच्या हृदयातले छिद्र बुजवले. महाराष्ट्रात या विषयाचा पाया मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या विभागाने घातला. केपटाऊनला ख्रिस्तियान बार्नार्ड यांनी 3 डिसेंबर 1967 रोजी केलेल्या हृदयरोपणानंतर अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 1968 मध्ये, सेन यांनी के.ई.एम.मध्ये भारतातले पहिले हृदयरोपण केले. रोगी काही तासांतच गेला. हृदय शिवता येते हे सिद्ध झाले होते. ते पुढचे काही दिवस चालते ठेवणे अजून हातात आले नव्हते. अतिदक्षतेचे शास्त्र त्या अंतरातून वाढले.

आजच्या थिएटरात चिरा पडण्याआधीचा बराच वेळ भूलतज्ज्ञाचा असतो. रोगी जागा असतानाच मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालतात, म्हणजे प्रत्येक ठोक्याचा रक्तदाब पडद्यावर लाट होऊन उमटतो. दंडावरच्या पट्ट्याचा दर पाच मिनिटांनी येणारा आकडा इथे कुचकामाचा. मग फेन्टानिल, झोपेचे औषध, स्नायू सैल करणारे औषध, सगळे थेंबाथेंबाने. श्वासनलिकेत नळी, मानेच्या मोठ्या शिरेत दुसरी, आणि अन्ननलिकेतून खाली सरकवलेला सोनोग्राफीचा प्रोब. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीमागे असल्याने झडपा, छिद्रे आणि भिंतींची हालचाल त्यावर स्पष्ट दिसते.

हृदय-फुफ्फुस यंत्रावर, म्हणजे पंपावर, घेण्याआधी रक्त गोठणे बंद करावे लागते. त्यासाठी वजनाच्या दर किलोमागे 300 ते 400 युनिट हेपॅरिन देतात आणि रक्ताचा थेंब यंत्रात घालून ते किती सेकंदांत गोठते ते पाहतात. एरवी ते सुमारे 100 ते 120 सेकंदांत गोठते. आकडा 480 च्या पुढे गेल्याशिवाय सहसा पंप सुरू करत नाहीत. मग महाधमनीला चिमटा लागतो, पोटॅशियमचे थंड द्रावण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत सोडले जाते आणि ईसीजीची रेघ सपाट होते. व्हेंटिलेटर बंद होतो. एरवी ज्या दोन गोष्टी दिसल्या की धावाधाव व्हावी, त्या इथे ठरल्याप्रमाणे घडतात. रक्त फिरवण्याचे काम पंप चालवणाऱ्या परफ्युजनिस्टकडे जाते. खरी परीक्षा पंपावरून उतरवताना होते: हृदय पुन्हा धडधडू लागते, पण थकलेले असते. ॲड्रिनलिन, मिलरिनोन, पेसमेकरच्या तारा यांची तयारी आधीच झालेली असते. हेपॅरिनचा उतारा म्हणजे प्रोटामिन. माशांच्या वीर्यापासून मिळणारे हे प्रथिन घाईने दिले तर रक्तदाब कोसळतो. म्हणून ते सावकाश देतात, आणि त्या वेळी थिएटरातल्या गप्पा आपोआप थांबतात.

भूल कशाची द्यावी यावर अर्धे शतक खर्ची पडले. 1969 मध्ये बोस्टनच्या लोवेनस्टाइन यांनी मॉर्फिनचे अवाढव्य डोस झडपांच्या रोग्यांचे हृदयही निमूटपणे सोसते असे दाखवले. पुढे मॉर्फिनच्या जागी फेन्टानिल आले. तोटा एकच, पण मोठा: रोगी रात्रभर व्हेंटिलेटरवर राही. 1990 च्या दशकात डोस कमी झाले आणि काही तासांतच नळी काढण्याची पद्धत रुळली. वायूची भूल हृदयाचे रक्षण करते अशी आशा प्रयोगशाळेतून बराच काळ दिसत होती. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिरियाड चाचणीत बायपासच्या 5400 रोग्यांची तुलना झाली. वर्षअखेर मृत्यूंचे प्रमाण वायूच्या गटात 2.8 टक्के आणि शिरेतून भूल दिलेल्यांत 3 टक्के निघाले, म्हणजे फरक नाही. औषधापेक्षा देणारा हात महत्त्वाचा, असे जुने भूलतज्ज्ञ म्हणत. त्याला आधार ह्यूस्टनमध्ये 1985 साली आधीच मिळाला होता. स्लोगॉफ आणि कीट्स यांनी बायपासच्या 1023 रोग्यांचा माग काढला. ज्यांच्या हृदयाला शस्त्रक्रियेच्या काळात रक्त कमी पडल्याच्या खुणा दिसल्या, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका 6.9 टक्क्यांना आला, बाकीच्यांत 2.5 टक्क्यांना. भूलतज्ज्ञांची नावे झाकून त्यांना क्रमांक दिले होते. त्यांतल्या सात क्रमांकाच्या भूलतज्ज्ञाच्या रोग्यांची नाडी सगळ्यात जास्त पळत होती आणि तशा खुणाही त्यांच्यातच अधिक होत्या. लॉरींनी दुर्लक्ष करायला सांगितलेली नाडी शंभर वर्षांनी अशी परत आली.

अतिदक्षता विभागाचे संशोधन बरेचदा मागचे पाऊल खोडणारे ठरले आहे. बेल्जियममधल्या ल्युव्हन इथे 2001 मध्ये 1548 रोग्यांवर, त्यातले बहुसंख्य हृदयशस्त्रक्रियेचे, इन्शुलिनने साखर अगदी काटेकोर ठेवून पाहिली गेली. विभागातले मृत्यू 8 टक्क्यांवरून 4.6 वर आले आणि जगभर तीच रीत पडली. 2009 च्या नाइस-शुगर चाचणीत 6104 रोगी होते. तिथे काटेकोर गटातच मृत्यू जास्त निघाले, आणि साखर फार खाली घसरण्याचे प्रसंगही त्यांच्यातच जास्त होते. आता 180 च्या आत ठेवली तरी पुरे मानतात. रक्ताचेही तसेच. हिमोग्लोबिन 9.5 च्या खाली जाताच बाटली लावण्याऐवजी 7.5 पर्यंत थांबले तरी बिघडत नाही, हे 2017 च्या सुमारे 5000 रोग्यांच्या ट्रिक्स-3 चाचणीने दाखवले.

या मोठ्या चाचण्यांतला रोगी बहुधा उतारवयाचा, बायपासचा असतो. मराठवाड्यातल्या रोग्याचे चित्र त्याला पुष्कळदा जुळत नाही. इथे लहानपणीच्या संधिवाती तापाने आकसलेली मायट्रल झडप घेऊन विशी-तिशीतली बाई येते, तीही फुफ्फुसांतला दाब चढल्यावर. तिच्यात सारे गणित नाडी संथ ठेवण्याचे: नाडी पळाली की आकसलेल्या झडपेतून रक्त खाली उतरायला वेळ मिळत नाही आणि फुफ्फुसांत पाणी भरते. अशा रोग्यांवरचे अनुभव आणि अभ्यास 1998 पासून निघणाऱ्या 'ॲनल्स ऑफ कार्डिॲक ॲनेस्थेशिया' या भारतीय नियतकालिकात सापडतात.

कळंबला हृदयशस्त्रक्रिया होत नाही. त्यासाठी सोलापूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागते, आणि खर्चाचा भार पुष्कळ कुटुंबांसाठी महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना उचलते. पण शस्त्रक्रिया झालेला रोगी गावी परततो, आणि पुढची भूल त्याला तालुक्याच्या ठिकाणी लागू शकते. धातूची झडप बसवलेल्याला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर असते. गोळी चालू असताना पाठीत सुई घालून भूल दिली तर मणक्यात रक्त साचून पाय लुळे पडण्याची भीती, आणि परस्पर बंद केली तर झडपेवर गुठळी धरण्याची. झडप आकसलेल्या गरोदर बाईला सिझेरियनसाठी एका दमात पूर्ण डोसाची पाठीतली भूल दिली तर रक्तदाब एकदम ढासळतो. तिथे थोडी थोडी वाढवत नेलेली एपिड्यूरल सुरक्षित ठरते. म्हणून मोठ्या रुग्णालयातून सुटी देताना डिस्चार्ज कार्डावर झडपेचा प्रकार, शेवटचा इको, गोळीचा डोस आणि रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआरचा आकडा लिहिलेला असावा लागतो. नातेवाइकांनी ते कार्ड प्रत्येक दवाखान्यात, दात काढायला जातानासुद्धा, सोबत न्यायचे असते.