विश्लेषण : हरणाऱ्याला दुसरी संधी किती वेळा? एनबीए प्लेऑफ, फायटिंग गेम आणि कुस्तीची वेगवेगळी उत्तरे

२३ जून २०२५. भारतात सकाळचे साडेपाच वाजले होते. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी थंडर आणि इंडियाना पेसर्स यांच्यातला एनबीए अंतिम मालिकेचा सातवा सामना सुरू झाला. आधीच्या सहा सामन्यांत दोन्ही संघांनी तीन-तीन सामने जिंकले होते. पहिल्याच सत्रात पेसर्सचा टायरीस हॅलिबर्टन याच्या पायाचा स्नायुबंध तुटला आणि तो मैदानाबाहेर गेला. थंडरने सामना १०३-९१ असा जिंकून विजेतेपद पटकावले. पेसर्सही त्या मालिकेत तीन वेळा जिंकला होता, पण ते पुरेसे ठरले नाही.

बास्केटबॉलमध्ये विजेता ठरायला सात सामने लागतात. टेकेन किंवा स्ट्रीट फायटरसारख्या फायटिंग गेमच्या स्पर्धेत एकदा हरलेला खेळाडूही विजेता होऊ शकतो. आपल्या खासबागेत मात्र एकदा पाठ टेकली की निकाल लागला. एकाच प्रश्नाची ही तीन वेगळी उत्तरे कशी आली आणि त्यातले कोणते बरोबर?

एनबीए प्लेऑफ म्हणजे नेमके काय?

एनबीएत ३० संघ आहेत. प्रत्येक संघ नियमित हंगामात ८२ सामने खेळतो. पूर्व आणि पश्चिम अशा दोन विभागांतून प्रत्येकी आठ संघ प्लेऑफला जातात. तिथे प्रत्येक फेरीत दोन संघांमध्ये सात सामन्यांची मालिका होते आणि जो आधी चार जिंकेल तो पुढे जातो. म्हणजे विजेतेपदासाठी चार मालिका, अर्थात एकूण १६ विजय हवेत. पूर्वी पहिली फेरी पाच सामन्यांची असे. २००३ पासून तीही सातची झाली.

एक सामना हरला म्हणून कोणी बाहेर जात नाही. २०१६ च्या अंतिम मालिकेत क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स १-३ असे मागे होते. समोर गोल्डन स्टेट वॉरियर्स होते, ज्यांनी त्या हंगामात ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते. तरी कॅव्हेलियर्सने सलग तीन सामने जिंकून विजेतेपद खेचून आणले. अर्थात या दिलदारीलाही मर्यादा आहे. ०-३ अशा पिछाडीवरून मालिका जिंकणे २०२५ पर्यंतच्या एनबीए इतिहासात एकाही संघाला जमलेले नाही.

सातच सामने का? गणित काय सांगते?

समजा, ‘अ’ संघ ‘ब’पेक्षा सरस आहे आणि दहापैकी सहा वेळा जिंकतो. प्रत्येक सामना स्वतंत्र धरला, तर ‘अ’ची पुढे जाण्याची शक्यता अशी बदलते :

• एकच सामना : ६० टक्के
• तीन सामन्यांची मालिका : सुमारे ६५ टक्के
• पाच सामन्यांची मालिका : सुमारे ६८ टक्के
• सात सामन्यांची मालिका : सुमारे ७१ टक्के

एका सामन्यात दुबळा संघ शंभरपैकी ४० वेळा धक्का देतो, सात सामन्यांत २९ वेळा. म्हणजे मालिका जितकी लांब, तितका नशिबाचा वाटा कमी. पण हेही पाहा, पाचवरून सातवर गेल्याने फक्त तीन टक्क्यांचा फरक पडतो. मग दोन जादा सामने कशासाठी? तिकिटे आणि प्रसारणाचे पैसे हे त्याचे एक उघड उत्तर आहे. आणि जादा सामन्यांचा भार पडतो तो खेळाडूंच्या पायांवर. एक चाहता म्हणून माझे मत असे, की पहिली फेरी पुन्हा पाच सामन्यांची केली तर फारसे काही बिघडणार नाही. अंतिम मालिका मात्र सातचीच हवी.

‘प्ले-इन’मुळे काय बदलले?

२०२१ पासून सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांसाठी ‘प्ले-इन’ ही छोटी स्पर्धा नियमित होते. सातवा आणि आठवा संघ आपसांत खेळतात. जो जिंकेल तो थेट प्लेऑफमध्ये जातो. जो हरेल त्याला नववा-दहावा यांच्यातील विजेत्याशी आणखी एक सामना मिळतो. नवव्या-दहाव्याला मात्र एकही पराभव परवडत नाही. थोडक्यात, दुसरी संधी मिळते, पण ती हंगामभर कमवावी लागते.

या संधीचे मोल २०२३ मध्ये मायामी हीटने दाखवले. प्ले-इनचा पहिला सामना ते अटलांटा हॉक्सकडून हरले. दुसऱ्यात शिकागो बुल्सला हरवून आठवे म्हणून जेमतेम आत आले. मग पहिल्याच फेरीत त्या हंगामात सर्वाधिक विजय मिळवणाऱ्या मिलवॉकी बक्सला त्यांनी ४-१ असे घरी पाठवले आणि थेट अंतिम मालिका गाठली. तिथे डेन्व्हर नगेट्सने त्यांना रोखले. प्ले-इनमध्ये एका पराभवावर बाहेर काढले असते, तर हे काहीच घडले नसते.

फायटिंग गेममध्ये ‘लूजर्स ब्रॅकेट’ कसे चालते?

टेकेन आणि स्ट्रीट फायटरमध्ये दोन खेळाडू समोरासमोर असतात, साधारण मिनिट-दीड मिनिटाच्या फेऱ्या होतात आणि निकाल झटपट लागतो. एका चुकीच्या बटणाने फेरी जाऊ शकते. म्हणून या खेळाच्या मोठ्या स्पर्धांनी दुहेरी बाद पद्धत स्वीकारली.

सगळे खेळाडू ‘विनर्स ब्रॅकेट’मध्ये सुरुवात करतात. पहिला पराभव झाला की ‘लूजर्स ब्रॅकेट’मध्ये जायचे. तिथे दुसरा पराभव झाला की घरी. लूजर्समधून जिंकत जिंकत वर आलेला खेळाडू अंतिम लढतीत विनर्समधून आलेल्याला भेटतो. पण विनर्सवाला तोवर एकदाही हरलेला नसतो. त्यामुळे लूजर्समधून आलेल्याला त्याला दोनदा हरवावे लागते. पहिल्यांदा हरवले की दोघांच्या खात्यावर एकेक पराभव येतो आणि लढत नव्याने सुरू होते. याला खेळाडू ‘रिसेट’ म्हणतात. प्रत्येकाला नेमके दोन पराभव, ना कमी ना जास्त, हा हिशेब मला सगळ्यात स्वच्छ वाटतो.

या खेळातला बहुधा सर्वात गाजलेला क्षणही लूजर्स ब्रॅकेटमधलाच आहे. २००४ च्या ‘इव्हो’ स्पर्धेत जपानच्या डायगो उमेहाराची ताकद जवळपास संपली होती. प्रतिस्पर्धी अमेरिकेचा जस्टिन वाँग. त्याने सोडलेल्या महाअस्त्राचा प्रत्येक फटका डायगोने अचूक वेळ साधत परतवला आणि उलट वार करून फेरी जिंकली. प्रेक्षकांच्या आरोळ्यांसह तो व्हिडिओ आजही फिरतो. अनेकांना ठाऊक नसते, की डायगो त्यानंतरची अंतिम लढत हरला.

कुस्तीत दुसरी संधी आहे का?

ऑलिम्पिक कुस्तीत आहे. तिचे नाव ‘रेपेचेज’. तुम्हाला हरवणारा मल्ल अंतिम फेरीत पोहोचला, तर तुम्हाला कांस्यपदकासाठी पुन्हा लढायला मिळते. २००८ मध्ये बीजिंगला सुशील कुमार पहिल्याच लढतीत युक्रेनच्या आंद्री स्टाडनिककडून हरला. स्टाडनिक अंतिम फेरीत गेला आणि सुशीलला दार उघडले. सलग तीन लढती जिंकून त्याने कांस्य आणले. २०१६ मध्ये रिओत साक्षी मलिकनेही याच वाटेने पदक मिळवले. कांस्यपदकाच्या लढतीत ती ०-५ अशी मागे होती आणि ८-५ ने जिंकली.

रेपेचेजमध्ये एक खोट आहे. तुमची दुसरी संधी तुमच्या हातात नसते, तुम्हाला हरवणाऱ्याच्या हातात असते. तो पुढे हरला की तुम्हीही संपलात. २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगटने पहिल्या लढतीत जपानच्या युई सुसाकीला हरवले आणि अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या दिवशी वजन शंभर ग्रॅम जास्त भरल्याने विनेश अपात्र ठरली. सुसाकीला मात्र रेपेचेजमधून कांस्यपदक मिळाले. लूजर्स ब्रॅकेटमध्ये असे ‘दुसऱ्यावर अवलंबून’ राहणे नसते. तिथे प्रत्येक हरणाऱ्याला संधी मिळतेच.

खाशाबांचे पदक कोणत्या पद्धतीने आले?

स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदकही ‘एक हार म्हणजे बाहेर’ या नियमाने आलेले नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले. त्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केल्याची गोष्ट कोल्हापुरात आजही सांगितली जाते. त्या काळी ऑलिम्पिक कुस्तीत उणे गुणांची पद्धत होती. प्रत्येक लढतीच्या निकालानुसार उणे गुण मिळत आणि ठरावीक मर्यादा ओलांडली की मल्ल बाहेर जाई. खाशाबा जपानच्या शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याकडून हरले आणि तरी कांस्यपदकाचे मानकरी ठरले.

मग खासबागेत एकच कुस्ती का?

राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबागेत मैदानी कुस्तीची रीत वेगळी आहे. तिथे ड्रॉ नसतो, जोड नेमलेली असते. निकाली कुस्तीत गुण मोजत नाहीत, चितपट झाली की संपले. कोणी पडलेच नाही, तर बरोबरीत सोडवतात.

वरवर पाहता हरणाऱ्याला इथे काहीच संधी नाही. पण नीट पाहिले तर संधी आहे. ती ड्रॉच्या कागदावर नाही, हंगामात आहे. गावोगावच्या यात्रा-जत्रांत कुस्त्यांचे फड लागतात. एका गावात पाठ लागलेला पैलवान पुढच्या गावच्या मैदानात पुन्हा लांग चढवतो. तीच जोड पुन्हा लावायची मागणी खुद्द प्रेक्षकच करतात. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलचेही तसेच. लीगनंतर बाद फेरीच्या स्पर्धा होतात. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्यासारखे जुने प्रतिस्पर्धी एका हंगामात अनेकदा भिडतात. एका चषकात गेलेली इभ्रत दुसऱ्या चषकात परत मिळवता येते.

दुसऱ्या संधीची किंमत किती?

हिशेब सोपा आहे. साध्या बाद पद्धतीत विजेता सोडून प्रत्येक जण एकदा हरतो. म्हणून १६ संघांना १५ सामने पुरतात. दुहेरी बाद पद्धतीत विजेता सोडून प्रत्येक जण दोनदा हरतो, म्हणजे ३० सामने. विजेताही एकदा हरलेला असेल, तर ३१. मैदान, पंच आणि वेळ सगळेच दुप्पट लागते. टेकेनला हे परवडते, कारण दहा-पंधरा मिनिटांत लढत संपते आणि शेजारी-शेजारी अनेक स्क्रीन लावता येतात. कबड्डी किंवा फुटबॉलला ते कठीण जाते.

याचा आपल्याशी काय संबंध?

चर्चा नेहमी विजेत्याची होते, पण स्पर्धेच्या पद्धतीचा सर्वाधिक परिणाम तळाच्या खेळाडूवर होतो. अनेक शालेय सांघिक स्पर्धा आजही साध्या बाद पद्धतीने होतात. जिल्हास्तरावर १६ संघ आले, तर पहिल्या फेरीनंतर आठ संघ घरी जातात. चंदगडहून शंभरावर किलोमीटर प्रवास करून कोल्हापूरला आलेला संघ पहिल्याच सामन्यात जिल्ह्यातल्या सर्वात तगड्या शाळेपुढे उभा राहिला, तर त्याची वर्षभराची तयारी तासाभरात आटोपते. त्या मुलांची कुवत किती होती, हे कोणालाच कळत नाही. त्यांना स्वतःलाही नाही.

फायटिंग गेमच्या स्पर्धेत नवखा खेळाडू बहुतेक वेळा दोन्ही लढती हरूनच बाहेर पडतो. पण त्याला दोन लढती मिळतात. पहिली थरथरत्या हातांनी आणि दुसरी जरा सावरून. ‘नुसताच खेळ’ म्हणून हिणवल्या गेलेल्या या प्रकाराने नवख्याचा विचार इतक्या बारकाईने केला आहे. हाच प्रकार आता आशियाई क्रीडा स्पर्धेतही आहे. हांगझोऊमध्ये २०२३ मध्ये स्ट्रीट फायटरचे सुवर्ण दक्षिण कोरियाच्या ४४ वर्षांच्या किम ग्वान-वू याने जिंकले आणि त्या स्पर्धेत भारताचेही दोन खेळाडू उतरले होते.

मधला मार्ग आहे का?

आहे, आणि तो स्वस्तही आहे. १६ संघांच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलेल्या आठ संघांची वेगळी बाद स्पर्धा घेतली, तर फक्त सात सामने वाढतात. १५ चे २२ होतात. मुख्य विजेता ठरण्यात काही फरक पडत नाही, पण प्रत्येक संघाला किमान दोन सामने मिळतात. त्यासाठी लागतो तो साधारण एक जादा दिवस आणि शेजारचे एक मैदान.

एनबीए कोट्यवधी डॉलर मोजून सात सामने खेळवते, कारण तिला सर्वोत्तम संघ शोधायचा असतो. खासबागेला त्या दिवसाचा मर्द हवा असतो आणि हरणाऱ्याची सोय पुढची जत्रा करते. शाळेतल्या मुलाकडे मात्र सात सामन्यांची मालिकाही नाही आणि पुढची जत्राही नाही. त्याची स्पर्धा वर्षातून एकदाच येते. दुसऱ्या संधीची सर्वाधिक गरज कोणाला आहे, हे ठरवायला एवढे पुरे.