संगणक गरम का होतो?

संगणक किंवा मोबाइल बराच वेळ वापरला की हाताला गरम लागतो आणि यंत्रात बिघाड झाला असावा, अशी शंका येते. वास्तविक ही उष्णता वीज वापरण्याचा अटळ परिणाम आहे. विद्युतप्रवाहाला वाहकात रोध होतो व त्यातून उष्णता निर्माण होते. तिचे प्रमाण सांगणारा नियम जेम्स ज्यूल यांनी १८४१ मध्ये मांडला.

संगणकाच्या प्रोसेसरमध्ये अब्जावधी सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतात. ते चालू-बंद होताना दर वेळी थोडी ऊर्जा खर्ची पडते. विजेचा पंप पाणी वर चढवतो. प्रोसेसर असे यांत्रिक कार्य करीत नाही. त्यामुळे त्याला मिळालेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेतच रूपांतरित होते. वेग वाढवला की ही उष्णताही वाढते. वेगाच्या शर्यतीला लगाम बसला तो यामुळेच. इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ चा बेत २००४ मध्ये सोडला आणि पुढच्याच वर्षी दोन गाभ्यांचे प्रोसेसर बाजारात आणले.

नखाएवढ्या चिपमधील उष्णता बाहेर काढण्यासाठी तिच्यावर तांबे किंवा अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा संच बसवतात. दोहोंमधील फटीत हवा राहिल्यास उष्णता अडते, म्हणून तेथे उष्णतावाहक लेप लावतात. पात्यांमधील उष्णता पंखा वाहून नेतो. मोबाइलमध्ये पंख्याला जागा नसल्याने ग्राफाइटचे पातळ थर ती सर्व पृष्ठभागावर पसरवतात.

एवढ्यानेही तापमान आटोक्यात आले नाही, तर संवेदकाच्या सूचनेनुसार प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. उन्हात मोबाइल मंदावतो, तो स्वसंरक्षणासाठी. पंखा कितीही फिरला, तरी यंत्र भोवतालच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. त्यामुळे विदर्भात पारा ४५ अंशांवर गेला की या व्यवस्थेवरील ताण वाढतो.

उष्णतेची सर्वाधिक झळ लिथियम-आयन बॅटरीला बसते. तिची साठवणक्षमता लवकर घटते; तापमान फारच वाढल्यास ती पेट घेऊ शकते. म्हणूनच लॅपटॉप गादीवर ठेवून त्याची हवेची छिद्रे बंद करू नयेत, मोबाइल उशीखाली ठेवून चार्ज करू नये आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तो विसरू नये. यंत्र तापणे स्वाभाविक आहे. त्या उष्णतेची वाट अडवणे मात्र धोक्याचे आहे.