हलणाऱ्या कुलपाचा फोटो

रात्री दम लागला की उशाशी ठेवलेला पंप तोंडात धरायचा, दाबायचा आणि थोडा वेळ श्वास रोखायचा. काही मिनिटांत छाती मोकळी होते. हाताला मात्र कधीकधी बारीक थरथर सुटते. दोन्हींचं मूळ एकच, बीटा-२ अ‍ॅड्रेनर्जिक रिसेप्टर. पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेलं हे प्रथिन. पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनलिकेच्या स्नायूंवर त्याला चिकटतं, तसंच हाताच्या स्नायूंवरही.

हे औषध १९६९पासून बाजारात आहे; पण ते जिथे चिकटतं त्याची नेमकी घडण दिसली २००७मध्ये. त्याचा जनुक १९८६मध्येच हाती लागला होता. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात, रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांच्या प्रयोगशाळेत. ब्रायन कोबिल्का तेव्हा तिथे पोस्टडॉक होते.

मग एकवीस वर्षं कशाला लागली? हे प्रथिन राहतं चरबीच्या आवरणात. नुसत्या पाण्यात आणलं की त्याचा गोळा होतो, म्हणून डिटर्जंटमध्ये अलगद सोडवून घ्यावं लागतं. तिथेही ते स्वस्थ बसत नाही. शाळेतली कुलूप-किल्लीची उपमा इथे तोकडी पडते, कारण हे कुलूप किल्ली नसतानाही हलत असतं. क्ष-किरणांनी रचना पाहायची तर स्फटिक हवा, आणि स्फटिकासाठी असंख्य रेणू एकाच ढबीत हवेत. बालवाडीचा ग्रुप फोटो काढून पाहा!

कोबिल्कांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगशाळेत यावर नाना युक्त्या झाल्या. एकीत प्रथिनाचा सैल भाग काढून तिथे दुसरं, घट्ट प्रथिन बसवलं. पुढे रिसेप्टर पेशीच्या आत निरोप देतो तो क्षण पकडायचा होता. तेव्हा कामी आला लामा हा प्राणी! त्याच्या प्रतिपिंडांपासून बेल्जियममधल्या सहकाऱ्यांनी इवल्याशा ‘नॅनोबॉडी’ तयार केल्या. त्यांतल्या एकीने रिसेप्टर आणि पेशीच्या आत तो निरोप घेणारं जी-प्रथिन यांची जोडी स्थिर धरली. ते चित्र २०११मध्ये छापून आलं.

आज वापरात असलेल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधं याच कुळातल्या रिसेप्टरांवर चालतात. हृदयावरचा बीटा-१ आणि फुप्फुसातला बीटा-२ यांच्या खोबणी जवळजवळ सारख्या. एकीतच बसेल असा रेणू घडवायचा तर दोन्ही डोळ्यांसमोर हव्यात.

ही बारीक, चिवट कामं बहुधा पोस्टडॉक करतात. पीएच.डी. झालेली, पण मुदतीच्या नेमणुकीवरची माणसं. वर्षभर स्फटिक उगवला नाही तर दाखवायला काहीच नसतं. मला हा व्यवहार अन्यायाचा वाटतो.

२०१२चं रसायनशास्त्राचं नोबेल लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना मिळालं. २०११च्या त्या शोधनिबंधावर मात्र पहिलं नाव आहे डेन्मार्कच्या सोरेन रासमुसेन यांचं.