बावट्यांची सागरी भाषा

दर्या खवळू लागला म्हणजे कोकणच्या बंदरांवर ‘तीन नंबरचा बावटा’ लागल्याची वार्ता गावोगाव पसरते, आणि ती कानी पडताच ज्याचा सारा जन्म समुद्रावर गेला असा तांडेलही मुकाट्याने होडी शाकारून ठेवतो. वस्तुतः त्या खांबावर दिवसा काळे शंकू व नळकांडी आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे टांगलेले असतात. परंतु दुरून डोळ्यांनी वाचावयाचा हुकूम या नात्याने तो बावटाच होय. या श्रेणीतील दहावा इशारा महाभयंकर वादळाचा, तर अकरावा हवामान खात्याशी दळणवळणच तुटल्याचा आहे, आणि मला तो दहाव्याहून अधिक भयावह वाटतो.

जहाजांवरील निशाणांची लिपी याहून पुष्कळच समृद्ध आहे. ब्रिटनच्या व्यापार मंडळाने १८५७ साली १८ निशाणांची संकेतावली प्रसिद्ध केली. तीच वाढत वाढत आज सर्व राष्ट्रांना मान्य झाली असून तीत रोमन लिपीच्या २६ अक्षरांना २६ निशाणे आहेत, आणि धुक्यापाण्यातून एकमेकांपासून वेगळे ओळखता यावेत म्हणून तांबडा, निळा, पिवळा, काळा व पांढरा एवढ्याच रंगांना तेथे मुभा आहे. एकेकटे निशाणही पूर्ण वाक्य बोलते. निखळ तांबडे निशाण स्फोटक वा धोक्याचा माल असल्याचे सांगते, तर तांबड्या-पिवळ्या तिरप्या अर्धांचे निशाण माणूस पाण्यात पडल्याचा आकांत करते. पिवळ्या निशाणाचे चरित्र तर विलक्षणच आहे. ज्या रंगाने एके काळी जहाजावरील रोगराईची वर्दी देऊन किनाऱ्यावरील लोकांना दूर ठेवले, तोच आज ‘आमचे जहाज निरोगी आहे, बंदरात व्यवहाराची परवानगी मिळावी’ असा अर्ज करतो.

या लिपीची मर्यादा २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या युद्धापूर्वी नेल्सनलाही पाळावी लागली. प्रत्येकजण आपले कर्तव्य बजावील असा इंग्लंडला विश्वास आहे, हा संदेश त्याने योजिला होता; तेव्हा संकेताधिकारी पास्को याने विनविले की, ‘विश्वास’दर्शक शब्द संकेतपुस्तकात नसल्यामुळे तो अक्षरशः लावावा लागेल, सबब ‘अपेक्षा’ हा तयार शब्द घ्यावा. नेल्सनने तत्काळ रुकार दिला. ‘कर्तव्य’ हा शब्द मात्र एकेक अक्षर चढवूनच लावावा लागला.

निशाण अधिकाराचेही असते. रिअर अ‍ॅडमिरल व त्यावरील अधिकाऱ्याचा स्वतंत्र ध्वज असतो आणि तो जेथे फडकतो ते जहाज ताफ्याचे नायक ठरते; शिवाय जहाज ज्या देशाचा ध्वज लावते त्याचाच कायदा त्यावर चालत असल्यामुळे, परदेशी मालकांची असंख्य जहाजे पनामा वा लायबेरिया येथे नोंदविलेली आढळतात.

हा अधिकार नाकारण्याचे साधनही निशाणच. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या ‘तलवार’ या नाविक ठाण्यावर, म्हणजे जेथे संदेशवहनाचेच शिक्षण दिले जाई तेथे, निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांना विटलेल्या खलाशांनी संप पुकारला. आणि पाहता पाहता बंदरातील जहाजांवरून ब्रिटिश ध्वज उतरून काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट पक्ष यांची निशाणे एकत्र चढली. ती एकत्र चढविण्याचे धाडस त्या पक्षांच्या धुरीणांना साधले नव्हते, हे येथे नमूद केलेच पाहिजे. गिरणगावाने त्यांचा अर्थ अचूक जाणला: २२ फेब्रुवारीला कामगार हरताळ पाळून रस्त्यावर उतरले, आणि त्या दिवसांच्या गोळीबारात मुंबईत दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.